वाकलेला देठ

१

माणूस मेलाय हे रुपचंदला लांबूनच कळलं. पालथ्या पडलेल्या त्या देहाच्या डोक्यावर माशांचं मोहोळ बसलं होतं आणि ते हलत होतं.

जामनेरच्या दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगरात बांबूचं एक जुनं बेट आहे. वनखात्याचा पहारेकरी रुपचंद त्या सकाळी फेरीला तिकडे गेला होता. डोंगरात फोनला रेंज नसते. तो धापा टाकत खाली सडकेवर आला आणि ठाण्यात फोन लावून एवढंच म्हणाला, "भाऊ पडेल शे, मॅडम. उठस नही."

भाऊ म्हणजे प्राध्यापक शालिग्राम भंगाळे. जळगावच्या एका कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे. डोंगरातल्या झाडाझुडपांत त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं.

तपास पोलीस निरीक्षक प्रज्ञा तायडे यांच्याकडे आला. प्रज्ञा नशिराबादची. नोकरीच्या सुरुवातीला एका दंगलीत दगड लागून तिचा डावा कान कायमचा गेला होता. तेव्हापासून समोरचा बोलायला लागला की ती त्याच्या ओठांवरून नजर काढत नसे. असं ऐकलेलं वाक्य मग तिच्या डोक्यातून सहसा पुसलं जात नसे.

भंगाळ्यांच्या कपाळावर कुदळीचा एक घाव होता. हाड आत गेलं होतं. बाकीचे घाव मागून, डोक्यावर आणि मानेवर होते. मारणारा थांबलाच नव्हता. कवटीचे तुकडे केसांत अडकले होते आणि बांबूच्या खोडांवर कमरेइतक्या उंचीपर्यंत रक्त उडालं होतं. कुदळ कुठे सापडली नाही.

आजूबाजूची जमीन उकरलेली होती. पालापाचोळा उलटापालटा झाला होता आणि त्यात काळपट, चिरडलेल्या काड्या विखुरल्या होत्या.

"बठ्ठं उपटी टाकेल शे," उपटलेल्या काड्यांकडे हात करून रुपचंद म्हणाला. भाऊ ज्या फुलासाठी इथे यायचे ते हेच, असं त्याने सांगितलं.

मृतदेह उलटा केला तेव्हा शर्टाच्या छातीला रक्तात चिकटलेलं काहीतरी दिसलं. बारीक, काळं, गांडुळासारखं वाकलेलं. हवालदार ते बांबूचं मूळ समजून झटकायला निघाला. प्रज्ञाने त्याला थांबवलं आणि ते वेगळ्या पुडीत घालून सील करायला लावलं. ते काय आहे हे तिलाही माहीत नव्हतं.

तिला खटकत होती ती दुसरीच गोष्ट. कपाळावर घाव बसल्यावर भंगाळे सरपटले होते. रक्ताचा पट्टा स्पष्ट होता. पाऊलवाट अगदी शेजारी होती, तिथे पोचले असते तर कुणाच्या तरी नजरेस पडले असते. ते मात्र वाटेकडे पाठ करून बेटाच्या आत सरपटत गेले होते, आणि तिथेच त्यांना पुन्हा गाठून मारलं होतं.

जीव जात असताना माणूस वाट सोडून आत कशाला जाईल?

२

जळगावला कॉलेजात भंगाळ्यांच्या खोलीबाहेर अलफिया भिंतीला टेकून बसली होती. अलफिया शेख त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. भंगाळ्यांच्या प्रत्येक झाडाचं चित्र तीच काढायची. रडून तिचा आवाज बसला होता, तरी फुलाबद्दल विचारल्यावर ती नीट बोलली.

तिने सांगितलं की ते ऑर्किड होतं, पण त्याला पान नव्हतं आणि अंगात हिरवा रंगही नव्हता. ते स्वतःचं अन्न स्वतः तयार करूच शकत नाही. बांबूचा पाला कुजवणारी एक बुरशी जमिनीत असते, तिच्या जिवावर ते जगतं. कुंडीत लावलं तर मरतं. वर्षभर जमिनीखाली राहतं, पावसाळ्यात काही दिवस मातकट रंगाचं फूल वर काढतं आणि नाहीसं होतं. असलं फूल जगात आणखी कुणी नोंदवलेलं नाही, अशी सरांची खात्री झाली होती. गेल्या वर्षी फुलं उमलली तेव्हा सरांनी तिला तिकडे नेलं होतं. एक फूल त्यांनी स्पिरिटच्या बाटलीत ठेवलं. नवी जात जाहीर करायला असा नमुना लागतो.

जागा कुणाकुणाला माहीत होती, असं प्रज्ञाने विचारलं. सर, ती स्वतः आणि रुपचंद, असं अलफियाने सांगितलं.

शिपायाने मात्र प्रज्ञाला बाजूला घेऊन वेगळंच ऐकवलं. खुनाच्या आदल्या दिवशी ही मुलगी सरांवर ओरडत होती, दार आपटून गेली होती. प्रज्ञाने भांडणाचं कारण विचारलं तेव्हा अलफियाने मान खाली घातली आणि ते सरांचं गुपित आहे, आपण सांगणार नाही, असं म्हणाली.

दुसरा संशयित सगळ्यांच्या तोंडी होता. मोतीलाल. डोंगराच्या पायथ्याला त्याचा खडी क्रशर होता आणि बेटापर्यंतचा उतार त्याला फोडायचा होता. भंगाळ्यांनी तक्रारी करून त्याचं काम अडवलं होतं. आषाढात मोतीलालच्या माणसांनी त्यांना भर रस्त्यात मारलं होतं, डाव्या हाताची दोन बोटं पिरगाळून मोडली होती. भंगाळे तसेच बोटांना पट्टी बांधून पुन्हा डोंगरात गेले होते.

मोतीलालने काहीच लपवलं नाही.

"मारलं होतं मी. नाही म्हणत नाही," तो म्हणाला. "पण जिवानिशी मारायचं असतं तर तेव्हाच मारलं असतं. आणि मॅडम, मला डोंगर फोडायचाय. दोन फुलं उपटून माझं काय होणार?"

खून झाला त्या दिवशी तो पाचोऱ्याला होता आणि त्याला साक्षीदार भरपूर होते. त्याच्या माणसांना मात्र नव्हते.

प्रज्ञा परत निघाली. त्याचा शेवटचा प्रश्न तिच्या डोक्यात राहिला. डोंगर हवा असलेला माणूस फुलं वेचून वेचून उपटत बसणार नाही. मग फुलांवर एवढा राग कुणाचा होता?

३

या फुलाबद्दल नीट सांगेल असा माणूस जवळपास कोण, असं विचारल्यावर सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. धुळ्याच्या डॉ. चारुलता देवरे.

चारुलताबाई पन्नाशी ओलांडलेल्या, काटक आणि उन्हाने रापलेल्या होत्या. भंगाळ्यांच्या त्या जुन्या सोबती. दोघांनी सातपुड्यापासून अजिंठ्यापर्यंतचे डोंगर एकत्र पालथे घातले होते. बातमीने त्या खचलेल्या दिसत होत्या. प्रज्ञाला त्यांनी आपल्या कामाच्या खोलीत बसवलं. भिंतीभर वाळवलेल्या झाडांचे गठ्ठे रचलेले होते.

शालिग्रामने ते फूल मत विचारायला एकदा दाखवलं होतं, पण ते बाटलीतलं, असं त्यांनी सांगितलं. जागा त्याने सांगितली नाही, आपणही विचारली नाही. जिवंत झाड आपण कुठेच पाहिलेलं नाही आणि आता ते पाहायला मिळणार नाही, एवढंच दुःख राहिलं, असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले.

प्रज्ञा नेहमीप्रमाणे त्यांच्या ओठांकडे बघत होती.

"फार गरीब झाड हो ते," चारुलताबाई म्हणाल्या. "फूल एक दिवस टिकतं. मग देठ वाढतो आणि वाकून फळाला परत मातीत नेऊन ठेवतो. जन्मलेलं लेकरू पुन्हा आईच्या कुशीत द्यावं तसं. असल्या झाडाचं कुणी काय वाकडं करावं?"

उठताना त्यांनी काळजीने विचारलं की शालिग्रामच्या बाटल्या तरी नीट आहेत ना. त्याच्या कपाटात आहेत, चावी अलफियाकडे आहे, असं प्रज्ञाने सांगितलं. त्या मुलीला सांभाळा, असं चारुलताबाई म्हणाल्या आणि त्यांनी प्रज्ञाचा हात दोन्ही हातांत धरला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती. भर दुपारी जळगावहून फोन आला. भंगाळ्यांची प्रयोगशाळा जळत होती आणि अलफिया आत होती.

४

स्पिरिटची आग डोळ्यांना नीट दिसतही नाही. अलफिया दारापर्यंत आली तेव्हा तिच्या ओढणीने पेट घेतला होता आणि दोन्ही हातांची कातडी सुटत होती.

ती सरांच्या बाटल्या पुसून ठेवत होती. मागून डोक्यात काहीतरी बसलं. पडता पडता तिला तोंड फडक्याने गुंडाळलेला एक माणूस दिसला. तो कपाटातल्या बाटल्या ओढून फरशीवर फोडत होता. मग काडी पेटल्याचा आवाज आला. ती पेटत्या काचांतून रांगत बाहेर पडली. ते फूल असलेली बाटली सगळ्यात आधी फुटली होती, एवढं तिला आठवत होतं.

ही बातमी डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या भंगाळ्यांच्या गावी पोचायला वेळ लागला नाही. आधी सरांना मारलं, आता पोरीला जाळलं. मोतीलालचीच माणसं असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. संध्याकाळच्या आत जमाव क्रशरवर चालून गेला.

प्रज्ञा पोचली तेव्हा ऑफिसच्या काचा फुटल्या होत्या आणि मोतीलालचा ड्रायव्हर जीवन याला ट्रकमधून खाली खेचून मारत होते. तो हात जोडत होता. कुणीतरी मुठीएवढी खडी जवळून त्याच्या तोंडावर फेकली. त्याच्या डोळ्यातून रक्ताची धार लागली आणि तो जमिनीवर लोळायला लागला. प्रज्ञा त्याच्या अंगावर आडवी झाली. एक दगड तिच्या पाठीत बसला, एक मांडीवर. शिपायांच्या लाठ्या सुरू झाल्यावर जमाव पांगला.

जीवनचा उजवा डोळा गेला. खुनाच्या दिवशी तो बायकोच्या बाळंतपणासाठी दवाखान्यात होता हे नंतर कळलं.

वरिष्ठांचा फोन आला. त्यांनी मोतीलालला अटक करून प्रकरण मिटवायला सांगितलं. लोक शांत होतील, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रज्ञाने उद्यापर्यंतचा वेळ मागून घेतला. तिच्या वर्दीवर जीवनचं रक्त वाळलं होतं आणि एका निरपराध माणसाचा डोळा गेला तो आपण उशीर केल्यामुळे, असं तिला वाटत राहिलं.

५

अलफियाचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होते. तिची आई रहिमाबी चमच्याने तिला पाणी पाजत होती. प्रज्ञा खाटेच्या उजव्या अंगाला बसली. सरांचं गुपित आता सांगितलं नाहीस तर मोतीलाल आत जाईल आणि मारणारा मोकळा राहील, असं तिने अलफियाला सांगितलं.

अलफियाने मानेनेच आईला चमचा बाजूला ठेवायची खूण केली. मग तिने सांगितलं. परदेशातल्या एका संशोधन मासिकाने सरांकडे एक लेख तपासायला पाठवला होता. लेखकाचं नाव झाकलेलं होतं. लेखात सरांच्याच फुलाचं वर्णन होतं, फक्त सापडल्याची जागा लळिंगची, धुळ्याजवळची दिली होती. सरांनी चोर कोण ते ओळखलं. ती म्हणत होती की आजच मासिकाला कळवा. सर ऐकत नव्हते. भांडण त्यावरूनच झालं.

"माणूस जवळचा आहे, म्हणाले. आधी समोरासमोर बोलतो. त्याला डोंगरावर बोलावलंय, जिवंत झाड दाखवतो, लाज वाटून लेख मागे घेईल."

"नाव सांगितलं?"

"नाही. चोराचं नाव एकदा बाहेर गेलं की परत घेता येत नाही, म्हणाले. आणि मलाही मोतीलालचाच संशय होता, म्हणून मी बोलले नाही."

प्रज्ञाच्या डोक्यात लळिंग हा शब्द अडकला आणि त्याच्या मागोमाग धुळ्याच्या खोलीतलं ते वाक्यही आलं. तिने ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं. देठ वाढतो आणि वाकून फळाला परत मातीत नेऊन ठेवतो.

अलफियाने उठायचा प्रयत्न केला. "हे कोण म्हणालं? या झाडाचं फळ अजून कुणीच पाहिलेलं नाही, मॅडम. सरांनीसुद्धा नाही. आम्ही गेलो तेव्हा नुसती फुलं होती. सर त्या दिवशी फळ बघायलाच गेले होते."

"जाणकार माणूस अंदाज करू शकेल ना?"

"अंदाज केला तर उलटा करेल. याच्या सगळ्या भाऊबंदांचा देठ फळ धरल्यावर सरळ वर जातो, बी वाऱ्यावर उडावं म्हणून. तो वाकतो असं कुणी स्वप्नातही म्हणणार नाही."

प्रज्ञा तशीच ठाण्यात गेली. तिने दोन पंचांसमोर ती पुडी उघडली आणि आतल्या वस्तूचा फोटो घेऊन परत आली. फोटो तिने अलफियाच्या डोळ्यांसमोर धरला. वाळलेल्या रक्तात काळी पडलेली काडी. तिच्या टोकाचा देठ मागे वळून खाली आला होता आणि त्याच्या शेवटी गव्हाएवढं फळ होतं.

अलफिया रडायला लागली. रहिमाबीला काही कळेना, ती तिचं तोंड पुसत राहिली.

भंगाळे वाट सोडून आत का सरपटले हे प्रज्ञाला आता कळलं. समोर कुणीतरी त्यांची झाडं एकेक करून उपटत होतं. एक राहिलं होतं. कपाळ फुटलेला तो माणूस त्या एकावर जाऊन पालथा पडला. तो पळतोय असं समजून मारणाऱ्याने मागून घाव घातले आणि त्याच्या अंगाखाली काय आहे ते पाहिलं नाही.

६

त्या रात्री धुळ्याला चारुलताबाईंनी दार उघडलं. प्रज्ञाबरोबर शिपाई शिल्पा होती. चहा नको म्हणून प्रज्ञा सरळ कामाच्या खोलीत जाऊन बसली आणि फळाचा देठ वाकतो हे कुठे पाहिलं, असं तिने विचारलं.

या गटातल्या सगळ्यांचं तसंच असतं, असं बाई म्हणाल्या. अलफियाने सांगितलेलं प्रज्ञाने त्यांना ऐकवलं. मग शालिग्रामने फोनवर सांगितलं असेल, असं त्या म्हणाल्या. भंगाळ्यांनी फळ पाहिलं ते मरायच्या दिवशी, आणि त्या डोंगरावर रेंज नाही, असं प्रज्ञा म्हणाली.

बाईंनी सूर बदलला. "खरं सांगते. मला ते लळिंगला सापडलंय. माझा लेख बाहेर पडेपर्यंत सांगायचं नव्हतं."

"ठीक आहे," प्रज्ञा म्हणाली. "लळिंग जवळ आहे. गाडी खाली उभी आहे. चला, जागा दाखवा."

मग मोठी बॅटरी घेते, असं म्हणत चारुलताबाई उठल्या आणि प्रज्ञाच्या डावीकडून कपाटाकडे गेल्या. त्या बाजूचा आवाज प्रज्ञाला येत नसे. शिल्पा ओरडली तेव्हा तिने फक्त मान फिरवली, म्हणून डोकं वाचलं. कुदळीचा घाव गळपट्टीच्या हाडावर बसला आणि ते मोडलं.

दुसरा घाव उचललेला असताना शिल्पाची लाठी बाईंच्या मनगटावर बसली. कुदळ पडली. बाईंनी डाव्या हाताने ती पुन्हा उचलू पाहिली, तेव्हा शिल्पाने त्यांना गुडघ्याने जमिनीवर दाबून धरलं. त्यांचं तोंड फरशीवर आपटलं आणि दातांतून रक्त आलं. कुदळीच्या दांड्याच्या खाचेत वाळलेलं रक्त होतं. ते धुऊन निघालं नव्हतं.

चारुलताबाईंनी काही नाकारलं नाही. भिंतीला टेकून, मोडलेलं मनगट मांडीवर घेऊन त्या बोलत राहिल्या. जन्मभर डोंगर तुडवून त्यांनी दोन नव्या जाती जाहीर केल्या होत्या. दोन्ही जुन्याच आहेत, फक्त वेगळ्या जमिनीत वाढल्या आहेत, असं शालिग्रामने सिद्ध केलं आणि दोन्ही नावं यादीतून गेली. तो बरोबर होता, हेही त्यांनी सांगितलं. मग त्याने हे फूल दाखवायला आणलं. घटकाभर तो खोलीबाहेर गेला, तेवढ्यात त्यांनी फुलाचे फोटो आणि मापं घेतली.

"डोंगरावर तो चिडला नाही," त्या म्हणाल्या. "म्हणाला, लेख मागे घे, आपण दोघांच्या नावाने देऊ. भीक घातल्यासारखं. माझी दोन नावं पुसणारा माणूस मला अर्धं नाव देत होता. तो वाकून मला फळ दाखवत होता. त्याने मान वर केली तेव्हा माझ्या हातात कुदळ होती."

"आणि अलफिया?"

"तिच्याकडे बाटली होती. झाडं उपटल्यावर तेवढाच पुरावा राहिला होता," एवढंच त्या म्हणाल्या.

७

बांबूच्या बेटात पुढच्या पावसाळ्यात काहीच उगवलं नाही. बुरशी उघडी पडून उन्हाने मेली असावी, असं अलफिया म्हणाली. म्हणजे त्या जातीचा एकच नमुना शिल्लक होता, आणि तो खुनाच्या खटल्यातला मुद्देमाल होता. लाखेने सील केलेला. न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नव्हता, आणि नमुना तपासल्याशिवाय जातीला नाव देता येत नव्हतं.

अलफियाने अर्ज केला. न्यायाधीशांनी तो वाचून, वनस्पतीला इजा न करता, पोलिसांच्या समोर, न्यायालयाच्याच आवारात काम करायची परवानगी दिली.

अभिलेख कक्षातल्या एका टेबलावर तिने ते काम केलं. भाजलेली बोटं नीट वळत नव्हती. भिंग रहिमाबी धरून बसायची आणि लेक सांगेल तसं वरखाली करायची. गळपट्टीच्या हाडात सळी घातलेली प्रज्ञा दाराशी खुर्ची टाकून बसायची. वाळलेलं रक्त अलफियाने ओल्या कुंचल्याने हळूहळू सोडवलं, देठाचा बाक मोजला, चित्र काढलं. झाडावर माणसाचं ओझं कशाला, असं सर म्हणायचे, म्हणून जातीला तिने कुणाचं नाव दिलं नाही. लॅटिनमध्ये मागे वळलेली अशा अर्थाचा एक शब्द निवडला.

शेवटी नमुन्याची चिठ्ठी लिहायची होती. जागा लिहून झाली. 'गोळा करणारा' या शब्दांपाशी तिचं पेन थांबलं. कागदोपत्री ती वस्तू पोलिसांनी जप्त केली होती. तिने दाराकडे पाहिलं.

"इथे तुमचं नाव येतं, मॅडम."

"मी नुसतं उचललं," प्रज्ञा म्हणाली. "गोळा त्यांनी केलं."

अलफियाने आखडलेल्या बोटांत पेन नीट धरलं आणि सावकाश शालिग्राम भंगाळे असं लिहिलं. पुढे तारीख लिहायची होती. तिने त्यांच्या मृत्यूची तारीख लिहिली.